खेळाडू सोडा, जागा धरा

"झूम किती आहे?"

काउंटरच्या पलीकडून हा प्रश्न आला की मी समजायचो, याला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. ज्याला थोडंफार कळतंय असं वाटायचं तो विचारायचा, "मेगापिक्सेल किती?" त्यालाही कळत नसायचं, पण तो आधी मेव्हण्याशी बोलून आलेला असायचा. आणि ज्याला खरंच कळायचं तो काहीच विचारत नसे. कॅमेरा उचलायचा, कानाजवळ नेऊन दोनदा खटका दाबायचा आणि म्हणायचा, "किती चाललाय?" जुना कॅमेरा जुन्या मोटारसायकलीसारखाच असतो. आतापर्यंत त्यातून किती फोटो निघालेत यावर त्याचं उरलेलं आयुष्य ठरतं.

औरंगपुऱ्यातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात मी चौतीस वर्षं उभा होतो. उभा होतो हे अक्षरशः खरं आहे. विक्रेता बसलेला दिसला की गिऱ्हाइकाला दुकान रिकामं वाटतं, असं आमच्या मालकांचं मत होतं, त्यामुळे काउंटरमागे स्टूल कधी आलंच नाही. शेवटी गुडघ्यांनी नोटीस दिली आणि गेल्या वर्षी मी घरी बसलो. वडील कलेक्टर कचेरीत कारकून होते. मी बँकेत चिकटावं अशी त्यांची इच्छा होती. मी बँकेची परीक्षा दिली होती, पण ती पास झालो नाही, एवढंच माझ्या कॅमेऱ्याच्या वेडाचं खरं कारण आहे.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचे किस्से लिहा, असा संपादकांचा आग्रह होता. ते किस्से पुष्कळ आहेत, पण ते कुणीही लिहील. मला लिहायचंय ते दुसऱ्याच गिऱ्हाइकांबद्दल. ही माणसं वर्षाला पाच-सहाच यायची. त्यांना पळणाऱ्याचा, उडी मारणाऱ्याचा, पडणाऱ्याचा फोटो हवा असायचा, आयुष्यात कधी कॅमेरा धरलेला नसायचा आणि पैसेही बेताचेच असायचे. दुकानात अशा गिऱ्हाइकाला माझ्याकडे पाठवायची पद्धत पडली होती. बाकीचे विक्रेते टाळायचे म्हणून असेल, पण मी मात्र तो माझा मान समजत होतो.

लग्नात माणसं उभी असतात. हार नीट घातला गेला नाही तर नवरदेवाला पुन्हा घालायला सांगता येतो आणि तो बिचारा घालतोही. कबड्डीत चढाईला आलेल्या गड्याला "जरा परत या, लाइट चांगला नव्हता" असं म्हणता येत नाही. म्हणून खेळाच्या फोटोला वेग लागतो. कॅमेऱ्याची खिडकी सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतीच उघडली पाहिजे, नाहीतर माणसाच्या जागी धूर येतो. आता खिडकी इतका कमी वेळ उघडली की उजेड आत येणार किती? हे समजावून सांगायला आपल्या गावचं पाणी मला फार उपयोगी पडलं. नळ थोडाच वेळ येणार असेल तर तोटी मोठी पाहिजे. तोटी मोठी करता येत नसेल तर मोटार लावावी लागते. आणि मोटार लावली की पाणी गढूळ येतं. मोठी तोटी म्हणजे मोठ्या तोंडाची लेन्स, ती महाग. मोटार म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड वाढवायची सोय, ती फुकट, पण तिनं फोटोत दाणे येतात. संभाजीनगरच्या माणसाला एवढं सांगितलं की पुढचं तो स्वतःच बोलायचा.

एका डॉक्टरसाहेबांनी मुलाच्या स्केटिंगसाठी दुकानातला सर्वांत महाग कॅमेरा नेला होता. आठवड्याने तणतणत परत आले. मुलगा प्रत्येक फोटोत पुसल्यासारखा येत होता. कॅमेरा चांगला होता, फक्त त्यांनी तो डब्यातून काढल्यावर त्याची एकही कळ फिरवली नव्हती. हॉलमधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात कॅमेऱ्याने स्वतःच्या बुद्धीने खिडकी आरामात उघडी ठेवली होती. मी एक चक्री फिरवून दिली. ते म्हणाले, "एवढंच?" ते "एवढंच" त्यांनी माझ्यावर रागावल्यासारखं म्हटलं, आणि मला वाटतं पैसे परत मिळाले असते तर त्यांना जास्त आनंद झाला असता.

करमाडचा एक गृहस्थ शंकरपटातल्या स्वतःच्या बैलजोडीचा फोटो काढायला कॅमेरा घेऊन गेला होता. माझं न ऐकता त्याने लांबलचक झूमवाला, दिसायला दांडगा, आतून मंद कॅमेरा उचलला. शेजाऱ्याकडे तसलाच होता. पट झाल्यावर तो आला आणि सगळे फोटो माझ्यापुढे धरले. एकूण एक फोटोत शेपट्या. बटण दाबल्यावर तो कॅमेरा घटकाभर विचार करत होता आणि तेवढ्यात बैल निघून जात होते.

"पुढून एक बी आला नाय ओ," तो म्हणाला. "बैलाला तोंडच नाय म्हणतील लोक."

त्या दिवशी मी त्याला एक युक्ती सांगितली. पूर्वी दुकानात येणाऱ्या एका वृत्तपत्र छायाचित्रकाराकडून मी ती उचलली होती. बैलांच्या मागे कॅमेरा फिरवू नका. ते कुठून जाणार हे तुम्हाला माहीत आहे ना? तिथल्या फक्कीच्या रेषेवर आधीच फोकस लावा, लेन्सवरचं आपोआप फोकस करणारं बटण बंद करून तो तिथंच पक्का करा आणि वाट बघा. बैल रेषेवर यायच्या जरासं आधी खटका दाबा. खेळाडू सोडा, जागा धरा. पुढच्या पटात त्याला दोन्ही बैलांची तोंडं मिळाली. त्याने फोटो मोठा करून घेतला आणि पोळ्याला बैलांबरोबर त्या फोटोलाही झूल घातली असं तो सांगत होता. मला त्याने पेढे आणून दिले. त्या दिवसापासून 'जागा धरा' हा माझा मंत्र झाला. कबड्डीवाल्याला मी बोनसची रेषा धरायला लावायचो, लांब उडीवाल्याला वाळूचा खड्डा. स्वस्तातला कॅमेरा पळणाऱ्या माणसामागे फोकस पळवू शकत नाही, त्याच्यावर हा चांगला तोडगा होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

साळवे मॅडम दुकानात आल्या तेव्हा गणपती नुकतेच उठले होते. देवगाव रंगारीच्या एका शाळेत त्या खेळ शिकवायच्या. मुलींचा खो-खोचा संघ त्यांचा. वय तिशीच्या आसपास, खांद्याला शबनम, गळ्यात शिट्टी, ती बहुधा काढायची राहून गेली होती. झूम किती असं त्यांनी विचारलं नाही. मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. लाल मातीवर पांढऱ्या रेषा आणि मधे निळ्या रंगाचे फराटे होते.

"ह्या माझ्या पोरी," त्या म्हणाल्या. "काका, ह्यात एकीचं तरी तोंड ओळखू येतंय का?"

येत नव्हतं. त्यांनी मग सगळं सांगितलं. बोलणं सरळ होतं, रडगाणं नव्हतं. मागच्या वर्षी त्यांचा संघ जिल्ह्यात पहिला आला. विभागाचे सामने बीडला होते, दोन रात्री मुक्काम. जायला प्रत्येक मुलीच्या पालकाची सही लागते. सहा सह्या आल्या. मैदानात उतरायला नऊ मुली लागतात. संघ जिंकूनही घरी बसला.

"आई-बाप वाईट नाहीत ओ," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी पोरींना खेळताना कधी बघितलंच नाही. कामं सोडून कोण येणार मैदानावर? त्यांना वाटतं पोरी शिवाशिवी खेळतात. शिवाशिवी खेळायला बीडला कशाला जायचं? ह्या वर्षी मी त्यांना फोटो दाखवणार. मोठे मोठे करून. फोटो बघा आन् मग सही करा म्हणणार."

शाळेकडून काही मिळणार नव्हतं. पंचवीस हजार त्यांचे स्वतःचे होते, त्यात बसवायचं होतं.

नवख्या माणसाने खेळासाठी कॅमेरा कसा घ्यावा, हे मी इथं सांगून टाकतो, कारण तेवढ्यासाठी हा लेख वाचणारेही असतील. नवा घेऊ नका. मेगापिक्सेल विसरा, ते घराच्या भिंतीएवढे फोटो काढणाऱ्यांसाठी असतात. कॅमेऱ्याच्या धडावर कमी आणि लेन्सवर जास्त खर्च करा. सेकंदाला सलग चार-पाच फोटो निघतात ना, ते बघा. खेळ उन्हात असेल तर साधी झूम लेन्सही चालते, आपल्याकडे ऊन फुकट आणि भरपूर आहे. हॉलमधला खेळ असेल तर झूम सोडून मोठ्या तोंडाची लेन्स घ्या आणि जवळ जाऊन बसा. लग्नवाल्याचा जुना कॅमेरा घेऊ नका, तो दोन मोसमांत म्हातारा झालेला असतो. सर्वांत चांगला जुना कॅमेरा उत्साह संपलेल्या माणसाचा. युरोपच्या सहलीसाठी घेतला, आल्यावर कपाटात ठेवला, आता बायको म्हणते काढून टाका, असा. तसा हाती आला की मी दोन गिऱ्हाइकांना नाही म्हणायचो आणि योग्य माणसासाठी ठेवायचो.

तसा एक माझ्याकडे ठेवलेला होता. एका निवृत्त इंजिनियरचा. आमचे दुरुस्तीवाले शकीलभाई माळ्यावर बसायचे, त्यांना खाली बोलावलं. त्यांनी लेन्समधून बॅटरीचा उजेड आरपार टाकून बघितला, कारण दमट हवेत राहिलेल्या लेन्सला आतून बुरशी धरते.

"नक्को टेन्शन लेओ मॅडम," शकीलभाई म्हणाले. "अंदर बुरशी नै, कुछ नै. डिब्बे में सोरा था अब तक."

मी मॅडमना घेऊन चौकात गेलो. माझी परीक्षा घ्यायची पद्धत ठरलेली होती. वळणावरून येणाऱ्या रिक्षावाल्याचा चेहरा ओळखू येईल असा फोटो काढायचा. साळवे मॅडम फुटपाथवर एक गुडघा टेकून बसल्या आणि रस्त्यावर भलताच परिणाम झाला. बाई कॅमेरा रोखून बसलीय म्हणजे चलन फाडणार, असं समजून दुचाकीवाले हेल्मेट डोक्यावर चढवायला लागले. एक रिक्षावाला तर थांबलाच.

"मॅडम, सिग्नल तो हराच था ना!"

"हौ हौ, जाओ," मी म्हणालो. "तुम्हारा फोटो अच्छा आया."

खरं म्हणजे तोच फोटो चांगला आला होता, कारण तो थांबला होता. पळत्या रिक्षांवर कॅमेऱ्याचा फोकस पोहोचेपर्यंत रिक्षा पुढे गेलेली असायची. मॅडमनी आणखी एक अडचण सांगितली. सामना चालू असताना त्यांना मुलींकडे लक्ष द्यायचं असतं, ओरडायचं असतं. सगळा वेळ कॅमेऱ्याला डोळा लावून बसता येणार नाही.

हे ऐकून मी खूश झालो. माझ्या मंत्राला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळालं नसतं.

"खो-खोत प्रत्येक जण शेवटी कुठं येतो?" मी विचारलं.

"खांबाजवळ," त्या लगेच म्हणाल्या. "सूर मारतात ते खांबाजवळच."

"मग खांब धरा. खांबावर फोकस पक्का करा, कॅमेरा मांडीवर ठेवा, पोरींकडे बघा. कुणी खांबाकडे निघाली की उचला आणि दाबा. बाकी काही करू नका."

त्यांनी शबनममधून वही काढून ते लिहून घेतलं. मी उजेड विचारला होता, अंतर विचारलं होतं, ऐपत विचारली होती, मैदानाची दिशाही विचारली होती. चौतीस वर्षांच्या सवयीने विचारायचं ते सगळं विचारलं असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी त्यांचा पहिला फोटो मोबाइलवर आला. एक मुलगी जमिनीला समांतर, दोन्ही पाय हवेत, एक हात खांबाला, दुसरा हात पुढच्या मुलीच्या पाठीपासून चार बोटांवर. तोंड उघडं, दातांवर माती. नवख्या माणसाने, तेही जुन्या कॅमेऱ्यावर, असा फोटो काढलेला मी तरी दुकानात पाहिला नव्हता. मालकांनी तो दुकानातल्या मोठ्या पडद्यावर लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले, "आमच्या कुलकर्णींची शिष्या." मीही नको म्हणालो नाही. संघ त्या वर्षीही जिल्ह्यात पहिला आला. मॅडमनी तीस फोटो निवडले, ते मी ओळखीच्या लॅबमधून मोठे करून दिले. रविवारी सकाळी शाळेत पालकांना बोलावलं होतं. मी प्रमुख पाहुणा.

कॅमेरे विकणाऱ्या माणसाला प्रमुख पाहुणा कुणी करत नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. शाळेच्या व्हरांड्यात दोऱ्या बांधून त्यांना कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लावले होते. संघातल्या बारा मुली निळ्या पोशाखात हारीने उभ्या होत्या. मला शाल आणि नारळ दिला. मी भाषणही केलं. ते लांबलं. त्यात मी करमाडच्या बैलांची गोष्ट सांगितली, लोक हसले, आणि खेळाडू सोडा, जागा धरा हे माझं गुपित मी माइकवरून सगळ्या गावाला सांगून टाकलं.

मग पालक फोटो बघायला उठले. ते दृश्य मला आवडलं, हे कबूल करतो. एका आईने फोटोतल्या मुलीच्या गालावरची माती पदराने पुसायचा प्रयत्न केला आणि स्वतःच हसली. एक आजोबा शेजाऱ्याला म्हणत होते, "ही आमची. उडाली बग कशी." मॅडम हातात सह्यांचे कागद घेऊन एका बाजूला उभ्या होत्या. त्या दिवसापर्यंत पाच सह्या आल्या होत्या. अर्ध्या तासात आणखी तीन झाल्या. आठ. उरलेल्या चौघींपैकी तिघींच्या घरून कुणी आलंच नव्हतं.

चौथीचे वडील आले होते. उत्तमराव त्यांचं नाव. देवगाव ते कन्नड जीप चालवायचे. एक फेरी चुकवून आले होते आणि जीप फाटकाबाहेर उभी होती. ते पहिल्या फोटोपासून निघाले, एकेका फोटोपुढे थांबत शेवटच्या फोटोपर्यंत गेले. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोरीच्या पलीकडे त्यांची दीक्षा उभी होती. ती बापाकडे बघत होती, आणि बाप दुसऱ्यांदा शेवटच्या फोटोपाशी पोहोचला तेव्हा तिने मान खाली घातली.

मी चहा घेत होतो. उत्तमराव माझ्याजवळ आले. खिशातून घडी केलेला सहीचा कागद डोकावत होता.

"साहेब, आमची दीक्षा कुठं दिसंना," ते म्हणाले.

मी मॅडमकडे बघितलं. त्या दोरीवरचे फोटो पुन्हा एकेक करून बघत होत्या.

"ती मधी बसती," उत्तमरावांनीच मला समजावून सांगितलं. "मधल्या पोरींचे काढीत नसत्यात का?"

मी खुलासा करायला लागलो. कॅमेरा स्वस्तातला आहे, फोकस पळवता येत नाही, म्हणून खांबावर पक्का करावा लागतो. ते ऐकून घेत होते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"म्हंजी जी खांबापतूर गेली तिचाच फोटो," ते म्हणाले.

"हो. तसंच."

"आन् हिला खांबापतूर जायचं कामच नाय."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ती मधल्या चौकोनात बसते, भाऊ. उठते, चार पावलं जाते, खो देते. पळतीला तिचा नंबर शेवटच्या तुकडीत असतो, तोपर्यंत डावच संपतो. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"तुमी म्हणला हुता फोटो बघा आन् मंग सही करा. म्या फेरी सोडून आलो." त्यांनी खिशातला कागद बोटाने आत ढकलला. "आता काय बघून सही करू?"

मला लाज वाटली. अंगावर शाल होती, हातात नारळ होता, आणि घटकाभरापूर्वी मी याच माणसाला माइकवरून सांगितलं होतं की खेळाडू सोडा. नऊ जणींच्या खेळात आठ जणी कायम जमिनीवर बसलेल्या असतात, हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. मी स्वतः खो-खो खेळलो होतो. तरी मॅडमना मी एकाही बसलेल्या मुलीबद्दल विचारलं नव्हतं. बैलांच्या शर्यतीत मधे कुणी बसत नाही.

साळवे मॅडमनी कुणाला काही विचारलं नाही. शिट्टी वाजवली. "चला, मैदानात! आठ जणी बसा, एक उभी राहा. दीक्षा, तुझ्या जागेवर. उरलेल्या तिघी पळतीला." मग त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. "काका, तुम्ही काढा. मला पोरी खेळवू द्या."

इथे एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. चौतीस वर्षांत मी कितीतरी जणांना खेळासाठी कॅमेरे विकले, पण स्वतः एकाही सामन्याचा फोटो काढला नव्हता. काढायची वेळच आली नाही. काउंटरवरून सगळं सांगता येत होतं.

नारळ खुर्चीवर ठेवला, शाल त्याच्यावर टाकली आणि मी मधल्या चौकोनासमोर मातीत बसलो. गुडघे कुरकुरले. लेन्सवरचं बटण पुन्हा चालू केलं आणि कॅमेरा दीक्षाच्या चेहऱ्यावर रोखला. खेळ सुरू झाला. मागून "खो!" आला तशी ती उठली, आणि मी दाबेपर्यंत कॅमेऱ्यात फक्त तिची बसायची जागा उरली होती. दुसऱ्यांदा तिची वेणी आली. तिसऱ्यांदा दुसऱ्याच मुलीचा कोपर. मी फोकस पकडायचा, ती निसटायची. जास्तीत जास्त चार पावलं जात होती ती, पण त्या चार पावलांत पळणारीची दिशा बदलून जायची. मग दीक्षा दुसऱ्या कुणाच्या पाठीवर थाप मारून "खो!" म्हणायची आणि तिच्या जागी बसून घ्यायची. बसली की हनुवटी वर, डोळे पळणारीवर, एक टाच जमिनीपासून जराशी उचललेली. मी सलग खटके मारत सुटलो. केव्हातरी एक फोटो आला. पाठीवर थाप पडलीय, ती अजून उठलेली नाही, पण डोळे आधीच निघालेत. चेहरा स्वच्छ. नाकावरचा घामही दिसत होता.

मी धडपडत उठलो आणि उन्हात दिसावं म्हणून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर हाताने सावली धरत उत्तमरावांकडे गेलो. ते फक्कीच्या रेषेबाहेर उकिडवे बसले होते.

"हे बघा, मिळाली," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हाताने मला जरा बाजूला केलं, मी मधे येत होतो.

"थांबा ओ. चालू हाय अजून."

मी कॅमेरा घेऊन तसाच उभा राहिलो. मैदानात एक मुलगी खांबाजवळ सूर मारून पळणारीला बाद करत होती. टाळ्या पडल्या. उत्तमराव टाळ्या वाजवत नव्हते. ते शेजारच्या माणसाला बोटाने मधला चौकोन दाखवत होते.

"हिनं हितं दाबली म्हणून ती तिकडं घावली," ते म्हणाले. "नायतर गेलती निसटून. रस्ता हिनं बंद केला."

मॅडमनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. मुली धापा टाकत आल्या. दीक्षा मागेच राहिली होती, गुडघ्यावरची माती झटकत. उत्तमराव उठले. खिशातला कागद काढला, मॅडमकडून पेन घेतलं आणि फाटकाबाहेर जाऊन जीपच्या बॉनेटवर ठेवून सही केली. आम्ही मागोमाग गेलो होतो.

"किती जणी झाल्या, मॅडम?"

"हिला धरून नऊ," मॅडम म्हणाल्या. "नऊ पुरतात."

"आन् तुमी धा. जायचं कसं?"

"एसटीनं. आधी संभाजीनगर, तिथून बीडची गाडी."

"दोन गाड्या बदलून? पोरी घिऊन?" त्यांनी सहीचा कागद मॅडमच्या हातात दिला आणि जीपचं मागचं दार उघडून आत बघितलं. रोज पंधरा माणसं कोंबून नेणाऱ्या माणसाला जेवढा वेळ लागावा तेवढाच लागला.

"धा म्हंजी लई मोकळ्या बसत्यात," ते म्हणाले.